शिट्टी

जानेवारीत लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. नववीच्या वर्गाचं अर्ध्या तासाचं नाटुकलं होतं आणि त्यात हिला शेजारच्या काकूंचं काम. एकूण तीन एन्ट्र्या, त्यातली एक नुसती साखरेची वाटी मागायला येण्याची. मुख्य काम दुसऱ्या मुलीला, उंच, सडपातळ, माईकसमोर न अडखळणारी. आमची लेक गोल चेहऱ्याची, अंगाने भरलेली. तिच्या वाट्याला काकूच येणार हे तिनं, मी आणि बहुधा तिच्या बाईंनीही धरूनच चाललेलं. पण तिसऱ्या एन्ट्रीला तिला काय सुचलं कोण जाणे. वाटी घेऊन परत निघाली, विंगेपाशी थांबली, वाटीतली साखर बोटानं चाखली, वळून त्या सडपातळ नायिकेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जरा जाडीच आहे हो तुमची!" आणि गेली. हे वाक्य तिच्या पाठांतरात नव्हतं, मी महिनाभर ते पाठांतर ऐकत होते. सभागृह खो खो हसलं. आणि मागच्या रांगांतून कुठून तरी शिट्टी आली.

साधीसुधी नव्हे. दोन बोटं जिभेखाली दुमडून मारलेली, आधी खाली दबलेली आणि मग एकदम वर चढत जाणारी, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. पहिल्या रांगेतले संस्थेचे पदाधिकारी मागे वळले. निवेदन करणाऱ्या सरांनी नाटक चालू असतानाच माईकवर सांगितलं की हे शाळेचं व्यासपीठ आहे, प्रेक्षकांनी कृपया शिस्त पाळावी. ती शिट्टी कुणाची ते मला आंधळीलासुद्धा ओळखू आलं असतं. मी खाली वाकले आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

परत येताना रिक्षात लेक मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आबा, म्हणजे माझे वडील. "आबा, असं कुणी करतं का? सगळ्या मुली विचारत होत्या, कोण तो म्हातारा." आबांनी विचारलं, "मग काय सांगितलंस?" ती म्हणाली, "म्हटलं, मला नाही माहीत." आबा बाहेर बघायला लागले. मी तिला रागवायला हवं होतं. पण रागवणार कुठल्या तोंडानं, मी पर्समध्ये काय शोधत होते ते मला ठाऊक होतं.

दोन दिवस हे खुपत राहिलं. तिसऱ्या दिवशी भांडी फडताळात लावताना, काहीही संबंध नसताना, केट विन्स्लेट आठवली, 'टायटॅनिक'मधली ती इंग्लिश नटी. संबंध नसताना म्हणते, पण होता.

23 फेब्रुवारी 2009, सोमवार. आपल्याकडे त्या सकाळी निम्मा देश ऑस्कर बघत होता ते 'स्लमडॉग मिलिअनेर'साठी, रहमानसाठी. मीही त्याचसाठी टीव्ही लावलेला. डबा भरून झाला होता, बँकेत पोचायला उशीर होतोय हे कळत होतं, तरी पाय निघेना. आणि मग सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून हिचं नाव आलं. तेहतीस वर्षांची बाई, आधीची पाच नामांकनं हात हलवत परत गेलेली, हे सहावं. हातातली बाहुली घट्ट धरून तिनं सांगितलं की हे भाषण मी आधी केलेलं आहे, आठेक वर्षांची असताना, बाथरूमच्या आरशापुढे, आणि तेव्हा हातात शांपूची बाटली होती. लोक हसले. मग नावं घेता घेता ती मधेच थांबली. आईबाबा इथेच कुठेतरी बसलेत म्हणाली, आणि समोरच्या त्या झगमगाटात डोळे बारीक करून बापाला सांगितलं, शिट्टी मारा किंवा काहीतरी करा, म्हणजे मला कळेल तुम्ही कुठे आहात.

कोडॅक थिएटरच्या काळोखातून शिट्टी आली.

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही झालं ते बाहुली हातात घेतानाही झालं नव्हतं. मी डबा उचलला, बसस्टॉपवर जाईपर्यंत आपण हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं. आता विचार करते तेव्हा जाणवतं की त्या एका शिट्टीमागे तिची सुरुवातीची सगळी वर्षं उभी होती. तिच्या यशाबद्दल लिहिणारे बहुतेक थेट बोटीवर चढतात. मला मात्र तिचं घर बघायचं असतं.

लंडनच्या पश्चिमेला थेम्सकाठी रेडिंग नावाचं गाव आहे. तिथं तिच्या आईचे आईवडील रेपर्टरी थिएटर चालवायचे, म्हणजे ठरलेल्या नटसंचानं एकामागून एक नाटकं लावत राहायची. सांगलीच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं सीतास्वयंवर उभं केलं तेव्हापासून या गावातल्या दर तिसऱ्या घरात एक नट आहे आणि दर घरात त्याच्यावर वैतागलेली एक बायको. केटचे वडील रॉजर हे नटच, पण काम न मिळणारे नट. घर चालवायला अंगमेहनतीची मिळेल ती कामं करायचे. आई दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, हॉटेलात वेट्रेसचं काम करायची. तीन मुली आणि एक मुलगा. केट दहा वर्षांची असताना वडिलांना बोटीवर अपघात झाला, पाय जबर दुखावला, आणि होती ती कामंही कठीण झाली. पोरांना शाळेत फुकटचं जेवण मिळायचं, आणि नटांच्या कुटुंबांना हात देणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचा आधार होता. तरी तिन्ही बहिणी नटीच झाल्या. याला वेड म्हणायचं की वारसा, हे ज्यानं त्यानं आपापल्या घराकडे बघून ठरवावं.

आमचे आबा एसटीत कंडक्टर. तेहतीस वर्षं. ड्युटी संपली की रात्री नऊला तालमीला. कामगार कल्याणच्या स्पर्धा, गणपतीतली तीन अंकी, कुठल्या तरी मंडळाचं ऐनवेळी कुणीतरी आजारी पडलेलं नाटक. आबांच्या वाट्याला हवालदार, निरोप्या, घरगडी, किंवा तिसऱ्या अंकात बॅग घेऊन येणारा आणि मान हलवून जाणारा डॉक्टर. त्यांना नायकाचं काम कधी मिळालं नाही, आणि मिळालं असतं तर पेललं असतं का हे मला आजही सांगता येत नाही. लेक म्हणून नव्हे, प्रेक्षक म्हणून सांगते, आबा बरे नट होते, मोठे नव्हते. पण दुसऱ्याचं काम चांगलं झालं की विंगेतून किंवा मागच्या रांगेतून पहिली दाद त्यांची. महामंडळाची शिट्टी खिशात असायची, गाडी मागे घेताना कंडक्टरनं मागे उभं राहून वाजवायची असते ती. आबा ती फारशी वापरायचे नाहीत. तोंडात बोटं घालायचे. पहाटे पाचच्या गाडीला स्टँडवर ती शिट्टी ऐकली की तिथला चहावाला म्हणायचा, आली साहेबांची सनई.

औदुंबरला दत्तजयंतीच्या गर्दीत मी एकदा हरवले होते. सहा-सात वर्षांची असेन. चहूकडे नुसती धोतरं आणि लुगडी, वर बघितलं तर अनोळखी हनुवट्या. रडायला सुरुवात केली आणि घाटाच्या बाजूनं ती शिट्टी आली. एकदा, मग थांबून पुन्हा. त्या दिशेनं माणसांच्या पायांमधून वाट काढत गेले तर दगडी पायऱ्यांवर आबा तोंडात बोटं घालून उभे, डोळे वटारलेले, घाबरलेले. मी दिसल्यावर एक धपाटा घातला आणि मग उचलून घेतलं.

केट अकराव्या वर्षी मेडनहेडच्या रेडरूफ्स नावाच्या नाट्यशाळेत गेली. ही शाळा एजन्सीचंही काम करायची, पोरांना ऑडिशनसाठी लंडनला घेऊन जायची. तिला पहिलं काम मिळालं ते जाहिरातीचं: साखर लावलेल्या फुललेल्या गव्हाच्या नाश्त्याची जाहिरात, आणि त्यात एका भल्याथोरल्या, केसाळ, पिवळ्या राक्षसाबरोबर बागडायचं. परदेशी सिनेमांच्या डबिंगला आवाजही देऊन झाला. कला वगैरे नंतर, आधी हे. रेडिंगमधल्या एका हौशी संस्थेच्या वीसच्या वर नाटकांत तिनं कामं केली, पण नायिका क्वचितच, कारण ती जाड होती. 'ॲनी'मध्ये अनाथाश्रमाची खाष्ट बाई. मोगलीच्या गोष्टीत लांडगीण आई. म्हणजे काकूच की! शाळेतली पोरं तिला 'ब्लबर' म्हणायची, देवमाशाच्या अंगावरच्या चरबीला म्हणतात ते. चौदाव्या वर्षी नाटकाच्या बाईंनी सांगितलं की जाड्या मुलींच्या भूमिकांवर समाधान मानायची तयारी असेल तर तुझं बरं चालेल. हे तिनं 2016 मध्ये बाफ्टा हा ब्रिटनचा सिनेपुरस्कार जिंकल्याच्या रात्री सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी जगभर छापून आलं.

मला ही गोष्ट आवडते आणि तिचा थोडा रागही येतो. जिंकल्यावर सांगितलेल्या अपमानाला गुळाचा वास येतो. त्याच वर्गात त्याच बाईंनी आणखी दोघी-चौघींना असंच काही ऐकवलं असेल, त्यांनी मुकाट ऐकलं असेल आणि आज त्या कुठेतरी नोकरी करून निवृत्तीची वर्षं मोजत असतील. त्यांना कोण माईक देतंय? मला आठवीत सांगितलं होतं की तुझा आवाज बसका आहे, तू प्रॉम्प्टिंग कर. मी प्रॉम्प्टिंग केलं. चांगलं केलं. आणि मग बँकेत लागले. यात कुणाची कहाणी नाही.

शिवाय गोष्टीचा एक तुकडा सगळे गाळतात. 1992 मध्ये 'अँग्लो-सॅक्सन ॲटिट्यूड्स' नावाच्या टीव्ही मालिकेत तिनं एका अतिलठ्ठ बाईच्या मुलीचं काम केलं. दिग्दर्शक सहज बोलून गेला की ती आणि तिच्या आईचं काम करणारी नटी अगदी सारख्या दिसतात. त्या एका वाक्यावर तिनं वजन कमी करायला घेतलं. तेव्हाचा वजनाचा आकडाही पुढे जाहीर झालेला आहे; मी तो इथे लिहीत नाही, कारण हे लेक वाचणार आहे. सांगायचं एवढंच की ती नुसती ताठ मानेनं उभी राहिली आणि जग वाकलं असं झालेलं नाही. थोडं जग वाकलं, थोडी ती वाकली. त्या वयात कोण वाकत नाही?

पंधरा वर्षांची असताना परीक्षा संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तिला बीबीसीच्या मुलांसाठीच्या 'डार्क सीझन' या मालिकेत काम मिळालं. ते 1991. आपण म्हणू, चला, गाडी लागली. पण त्याच सुमारास पैशांअभावी शाळा सोडावी लागली, आणि ही टीव्हीवर झळकलेली मुलगी एका डेलीत कामाला लागली. डेली म्हणजे हॅम, चीज, सॅलड, लोणच्यातल्या मिरच्या असलं तयार खाणं विकणारं दुकान. काउंटरच्या मागे उभं राहून सँडविच बांधायची. मला हे चित्र फार जवळचं वाटतं. मालिका लागायच्या त्या वेळी कुणी गिऱ्हाईक तिला निरखून बघत असेल, तुला कुठेतरी बघितलंय म्हणत असेल, आणि ही विचारत असेल, मोहरी लावू का? आबांनाही गाडीत लोक ओळखायचे. "काल हवालदार तुम्हीच होता न्हवं?" आबा तिकीट फाडून द्यायचे, सुटे मागायचे आणि पुढच्या सीटपर्यंत छाती चार इंच पुढे काढून चालायचे.

त्या डेलीत काम करत असतानाच तिला कळलं की न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनचा सिनेमा मिळाला. एकशे पंचाहत्तर मुलींमधून. 'हेवन्ली क्रीचर्स', 1994. खरी घडलेली गोष्ट: 1954 साली ख्राइस्टचर्चमध्ये एकमेकींत आकंठ बुडालेल्या दोन शाळकरी मैत्रिणींनी त्यांतल्या एकीच्या आईचा विटेनं खून केला. मी हा सिनेमा बराच उशिरा, कॉम्प्युटरवर, कानाला हेडफोन लावून बघितला. सुरुवातीलाच रक्तानं माखलेल्या दोन पोरी किंचाळत झाडीतून वर धावत येतात. पण लक्षात राहतं ते तिचं हसणं. वर्गात नवी आलेली, इंग्लंडहून आल्याचा तोरा असलेली, फ्रेंचच्या बाईंची चूक त्यांच्या तोंडावर काढणारी ज्युलिएट. ती हसते तेव्हा श्वास पुरत नाही, हसू किंचाळीच्या टोकाला जाऊन उभं राहतं, आणि आपल्याला वाटतं की ही पडणार आता. एका ठिकाणी ती ऑपेरातली एक ओळ गाते, तो आवाज तिचाच आहे. सफाई म्हणाल तर नाही. काही ठिकाणी चक्क जास्त करते. स्पर्धेच्या परीक्षकांनी 'अभिनयात संयम हवा' असं लिहून गुण कापले असते. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं संयम आणायचा कुठून, आणि आणला असता तर ती ज्युलिएट कशी राहिली असती? ती भूमिका अंगातून उतरेना म्हणून घरी परतल्यावर ती किती वेळा रडत बसायची, असं वाचलंय. आबा निरोप्याचं काम करून आल्यावरही रात्री दोनपर्यंत जागे असायचे, ते आठवलं आणि उगाच हसू आलं.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'साठी ती गेली तेव्हा डोळ्यांसमोर ल्यूसी स्टील हे छोटं काम होतं, मिळालं मारियानचं, म्हणजे दोन नायिकांतली एक. दिग्दर्शक अँग ली हे तैवानचे. त्यांनी हिला ताई-ची करायला लावलं, पियानो शिकायला लावला. मला वाटतं त्यांनी तिच्यातलं ते पडायला आलेलं हसू ओळखलं आणि त्याला चौकट घातली. विसाव्या वर्षी बाफ्टा, ऑस्करचं नामांकन. मग 1996 मध्ये 'ज्यूड', त्याच वर्षी 'हॅम्लेट'मधली ओफेलिया. लागोपाठ जुन्या काळातल्या, कमरेला आवळून बांधलेल्या, मरणाच्या जवळ जाणाऱ्या बायका.

मग ती बोट.

'टायटॅनिक'मधल्या रोझच्या भूमिकेसाठी तिनं दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनच्या मागे लकडा लावला होता. इंग्लंडहून चिठ्ठ्या, एकदा गुलाबाचं फूल आणि खाली 'तुमची रोझ' अशी सही. हे मला मनापासून पटतं. नटाच्या घरात वाढलेल्या पोरीला माहीत असतं की काम चालून येत नाही, मागायला जावं लागतं, आणि मागताना लाजून चालत नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बांधलेल्या टाकीत पातळ कपड्यांत तासन्‌तास भिजून ती आजारी पडली, कोपराच्या हाडाचा टवका उडाला. आणि सिनेमा लागायच्या सुमारास, डिसेंबर 1997 मध्ये, स्टीफन ट्रेड्रे गेला. 'डार्क सीझन'च्या वेळी भेटलेला, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, कित्येक वर्षं तिचा सोबती असलेला लेखक-नट, हाडाचा कॅन्सर. लॉस एंजेलिसच्या प्रीमियरला सगळी दुनिया लाल गालिच्यावर उभी होती तेव्हा ती त्याच्या अंत्यविधीला होती. बावीस वर्षांची.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. 1998 चा उन्हाळा, माझी बारावी नुकतीच संपलेली. मैत्रिणींबरोबर रात्रीच्या खेळाला सोडायला आई तयार नव्हती, म्हणून आबा आले. थेटरात पंखे घरघरत होते, इंग्रजी अर्धंमुर्धं कळत होतं. तो चित्र काढण्याचा प्रसंग येऊ घातलाय असा वास येताच आबा उठले, "शेंगदाणे घेऊन येतो" म्हणाले, आणि प्रसंग संपल्याच्या नेमक्या क्षणाला पुडी घेऊन परत आले. त्यांना वेळ कशी कळली हे कोडं आहे. बोट उभी राहिली, मोडली, माणसं गारठून मेली, थेटरभर मुसमुसणं चाललं होतं. आबा माझ्या कानात म्हणाले, "पोरगी खरीच कुडकुडतीय बघ. असलं खोटं जमत न्हाई." आणि मग ते आलं. आवाज बसलेला, ओरडता येत नाही, बोट लांब चाललीय. ती फळीवरून पाण्यात उतरते, मेलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडातली शिट्टी काढून घेते आणि फुंकते. आधी नुसती हवा. मग बारीक सूर. मग जोरात.

आबांना राहवलं नाही. दोन बोटं तोंडात घातली आणि सगळ्या थेटरात घुमेल अशी उत्तराची शिट्टी दिली. रडणारी माणसं हसायला लागली, मागून कुणीतरी 'चला डबल बेल!' ओरडलं. मी तेव्हाही मान खाली घातली होती. बाहेर पडल्यावर आबा खुशीत म्हणाले, "शेवटी कंडक्टरची शिट्टीच कामाला आली का न्हाई?"

नंतर तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते आठवतं. ही जरा बारीक असती तर तोही त्या फळीवर मावला असता, हा विनोद आमच्या कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पोचला होता आणि मीही त्यावर हसले होते. तिनं मात्र पुढचं मोठं जहाज पकडलं नाही. मोरोक्कोत जाऊन 'हिडियस किंकी' नावाचा लहानसा सिनेमा केला, मग 1999 मध्ये 'होली स्मोक', ज्यातली मुलगी भारतात येऊन एका गुरूच्या नादी लागते. त्याचं थोडं चित्रीकरण आपल्याकडेच झालं. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, सोन्यासारखी संधी घालवली म्हणाले. मला वाटतं तिला पुन्हा एकदा लहान कामं हवी होती, ज्यात घराचा वास येतो.

'टायटॅनिक'नंतर दोनेक वर्षांनी ती भारतात आली होती तेव्हाची एक हकीकत तिनं सांगितलीय. हिमालयाच्या पायथ्याशी पाठीवर पिशवी टाकून चालली होती. समोरून काठी टेकत एक म्हातारा आला, पंच्याऐंशीच्या घरातला, एका डोळ्यानं आंधळा. तिच्याकडे बघून म्हणाला, तू, टायटॅनिक. ती हो म्हणाली. त्यानं छातीवर हात ठेवला आणि आभार मानले. ती रडली. आमचे आबा असते तर छातीवर हात वगैरे ठेवला नसता.

परवा लेकीला ते 2009 चं भाषण मोबाइलवर दाखवलं. तिनं ते बघितलं, शिट्टीच्या जागी किंचित हसली, आणि मोबाइल परत देत म्हणाली, "पण तिनं सांगितलं होतं वाजवायला. आबांना कुणी सांगितलं होतं?" मला उत्तर सुचलं नाही. मुद्दा बिनतोड होता. रॉजरना त्या काळोखातून शिट्टी मारताना काय वाटलं असेल असं मी नेहमी विचार करते. आपल्याला जे कधी मिळालं नाही ते समोर लेकीच्या हातात आहे, आणि आपल्या वाट्याला आलेला संवाद म्हणजे ही एक शिट्टी. पण तो संवाद त्यांना निदान कुणीतरी दिला होता. आबांनी आयुष्यभर आपले आपण घातले.

मार्चमध्ये आबांचे वरचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी बसवली. पहिले दोन आठवडे भाकरी कुस्करून खाल्ली, स-श-ष चा घोळ झाला, फोनवर लोकांना वाटायचं दुसरंच कुणी बोलतंय. आणि शिट्टी गेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकदा खाली गल्लीतल्या पोरानं षटकार मारला तेव्हा गॅलरीत उभ्या आबांचा हात तोंडाकडे गेला आणि तसाच खाली आला, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं.

आता ऑगस्टमध्ये लेकीच्या शाळेची एकांकिका आंतरशालेय स्पर्धेत आहे. पुन्हा काकूच, पण यावेळी पाच एन्ट्र्या आणि एक लांबलचक फोन. काल रात्री जेवताना ताटातून मान वर न करता तिनं विचारलं, "आबा, तुम्ही कुठल्या बाजूला बसणार?"

आबांनी घास गिळला. "डावीकडं. शेवटून तिसरी रांग. का गं?"

"काही नाही. असंच."

आज सकाळी आबा बाथरूममध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ होते. नळ भरून सोडलेला, आणि त्या आवाजाखालून अधूनमधून नुसती हवा, फुस्स, मग थोडं थांबून पुन्हा फुस्स. लेक दप्तर पाठीला लावून दाराबाहेर उभी होती. शाळेची वेळ झालेली. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दारावर टकटक केली.

"आबा, कवळी काढून बघा."

आत नळ बंद झाला.